पायाचं निमित्त

बहीण मोखाड्याकडच्या सासरी बाळंतपणात गेली. निरोप जव्हारला पोचला तेव्हा तिकडे सगळं आटोपलं होतं. दिल्या घरच्या लेकीचं सुतक माहेरी तीन दिवसांचं. ते फिटलं, आणि वडील संस्थानच्या कचेरीत कामाला निघाले. जाताना आईला म्हणाले, "आता रडणं पुरे. ती त्यांची होती. त्यांच्या घरी रडतील."

आई रडली नाही. तिनं पाणी आणलं, भाकऱ्या थापल्या.

मी पत्रकांवर वाढलेला मुलगा. पुण्या-मुंबईहून कुणी ना कुणी ती आणायचं. पातळ कागद, बोटांना शाई लागायची, आणि आत रूढींवर कोरडे ओढलेले असायचे. मी वडिलांशी भांडलो. लग्न झालं म्हणून लेक परकी होते का, दुःखाची मुदत कोण ठरवतं, असं बरंच बोललो. वडील जेवत होते. "झालं तुझं?" एवढंच म्हणाले. आईनं माझ्या ताटात भात वाढताना डाव आपटला. भांडण तिच्यासाठी होतं, पण तिला ते नको होतं.

उन्हाळ्यात आईच्या घोट्याजवळ फोड आला, फुटला, आणि त्यातून पांढऱ्या दोऱ्यासारखं टोक दिसायला लागलं. नारू. विहिरी आटल्या की आम्ही तळाचं गढूळ पाणी प्यायचो, आणि दर उन्हाळ्यात गावात कुणाच्या तरी पायातून तो निघायचाच. त्याला ओढून चालत नाही. टोक काडीला गुंडाळायचं आणि रोज थोडं थोडं फिरवायचं. घाईत तुटला तर आतल्या आत पिकतो, पाय कायमचा जातो. आईला वाकून ते जमेना, म्हणून काम माझ्याकडे आलं.

पहिल्याच दिवशी ती अशी ओरडली की शेजारची काकू धावत आली. "नारूनं एवढं ओरडतं का गं कुणी? बाळंतपणात तर तुझा आवाज भिंतीनंसुद्धा ऐकला नव्हता."

"तेव्हा सासू दाराबाहेर बसली होती," आई म्हणाली. "ओरडते कशी?"

दोघी हसल्या. मी काडी फिरवली आणि आई पुन्हा ओरडली. दुखलं की माणसं "आई गं" म्हणतात. माझी आई म्हणत होती, "बाये, माझे बाये गं." घरात बहिणीला आम्ही सगळे बायच म्हणायचो. काकूचं हसू थांबलं. ती उठून घरी गेली.

मग रोज सकाळी तेच. मी पाय घमेल्यातल्या पाण्यात ठेवायचो, काडी हातात घ्यायचो, आणि आई बायला हाका मारून रडायची. वडील बाहेर जाऊन बसत. पायाच्या दुखण्याला सुतकाची मुदत नव्हती.

"दवाखान्यात भूल देतात," मी एकदा म्हणालो. "चीर देऊन एका दिवसात काढतील. कळणारही नाही."

"मला नको भूल."

"मग हे रोजचं कशाला सोसायचं?"

"तू फिरव काडी."

माझ्याकडची काही पत्रकं सांगायची की दुःख हे मागल्या जन्माचं फळ, आणि काही सांगायची की दुःख म्हणजे जुलूम. मी दुसऱ्या बाजूचा होतो, आजही आहे. सूर्यमाळच्या वाटेवर वेठीला धरलेल्या माणसांचे सोललेले खांदे मी पाहिलेत. त्या दुखण्यात काही अर्थ शोधू नये, ते थांबवावं. पण आईच्या पायातलं दुखणं मला कुठल्याच बाजूला बसवता येईना. ते तिला हवं होतं. तिच्यासमोर बसून मी थकून जायचो, आणि पत्रकांवरचा माझा जोरही त्या दिवसांत थकला.

एका सकाळी काडी फिरवली आणि ओढ लागली नाही. शेपूट अलगद बाहेर आलं.

"संपला?" आईनं विचारलं. विचारताना ती घाबरलेली होती.

मी काडी चुलीत टाकली. "अजून आहे," मी म्हणालो.

खोटं बोलू नये, हे मी लोकांना तावातावानं सांगत असे. आईनं चुलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पट्टी बांधायला पाय पुढे केला.

त्यानंतरही ती रोज सकाळी रडत राहिली. मग कचेरीच्या सुट्टीला वडील स्वतः एरंडाची पानं घेऊन आले. "आज मी बघतो," म्हणाले, आणि मी काही बोलायच्या आत त्यांनी पट्टी सोडली.

जखमेवर कोरडी खपली धरली होती. मी भांडायच्या तयारीनं उभा राहिलो. सगळी पत्रकं जिभेवर आली. वडिलांनी खपलीच्या बाजूनं अंगठा दाबून पाहिला. आई ओरडली नाही. तिनं डोळे मिटून घेतले होते.

मग वडिलांनी निखाऱ्यावर पान शेकलं, घोट्यावर ठेवलं आणि पट्टी पुन्हा बांधली.

"घाई नको करू," ते मला म्हणाले. "राहिलाय अजून."

ते उठले नाहीत. पाय मांडीवर तसाच धरून बसले. आईनं बायला हाक मारली, आणि वडिलांनी तिला रडू दिलं.