टाय काढलेला वर्ग

"टाय काढा रे आधी! आन् त्या पोराचे बूट कोन काढनार, माझा बाप?"

सरपंच शाळेच्या दारात उभे राहून ओरडत होते. आवाज असा, की पारनेरच्या स्टँडवर डुलक्या घेणाऱ्या कंडक्टरनं दचकून डबल बेल मारली असेल. नगरहून टीव्हीवाल्यांची गाडी निघाली होती. शिक्षण मातृभाषेतून की इंग्रजीतून, यावर त्यांना आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून थेट चर्चा दाखवायची होती. गावानं मातृभाषेची बाजू छाती फुगवून घेतली होती. अडचण एवढीच, की त्या शाळेत पोरं उरली होती सहा. बाकीची रोज सकाळी पिवळ्या बसमध्ये कोंबून इंग्रजी शाळेत जायची.

म्हणून त्या दिवशी बस वेशीतच अडवली आणि चाळीसेक पोरं वर्गात आणून बसवली. माझा नातूही त्यात होता. त्याची टाय मीच सोडली.

शाळेच्या बाई कोपऱ्यात उभ्या होत्या. शाळा बंद होणार, ही कुणकुण लागल्यापासून त्या घरोघर फिरून एकेक पोरगं मागत होत्या. लोक चहा पाजायचे, पोरगं द्यायचे नाहीत. त्या सरपंचांना हळूच म्हणाल्या, "दादा, हे बरं नाही दिसत. आहेत तेवढीच मुलं दाखवू."

"शाळा वाचवायचीय ना बाई? मंग गप ऱ्हावा. भरलेली शाळा टीव्हीवर दिसल्यावर कोन बंद करतंय?"

बाई बाजूला झाल्या. खरं सांगायचं तर त्यांना ते पटलंही.

मग सरपंचांची नजर शाळेच्या मूळच्या सहा पोरांवर गेली. वस्तीवरच्या खडी फोडणाऱ्यांची ती पोरं. गणवेश धुऊन धुऊन इतके विरलेले, की आरपार पलीकडचा डोंगर दिसावा. "ही मागं घाला," सरपंच म्हणाले, "क्यामेऱ्यात लई कोरडवाहू दिसत्यात." आम्ही पोट धरून हसलो. पोरं उठून मागं भिंतीला जाऊन बसली.

चर्चा दणक्यात झाली. मी मातृभाषेवर असा बोललो, की म्हातारे फेट्याच्या शेवानं डोळे पुसू लागले. खालच्या बंधाऱ्याचं पाणी त्या दिवशी वीतभर वाढलं ते त्यामुळंच. सरपंच तर माईक गिळायचेच बाकी होते. "आमच्या गावचं एक बी पोरगं इंग्रजी शाळंत जात न्हाई!" ते गरजले. टाळ्या पडल्या. सगळ्यांत जोरात पिवळ्या बसच्या ड्रायव्हरनं वाजवल्या.

शेवटी निवेदिका म्हणाली, "बाई, मुलांकडून एकोणतीसचा पाढा म्हणून घ्या ना."

बाईंचा चेहरा पांढरा पडला. आमच्या नातवंडांना एकोणतीस म्हणजे किती, हेच ठाऊक नव्हतं. पण भिंतीजवळच्या सहा जणांनी घशाच्या शिरा ताणून एकोणतीसचा पाढा असा उचलला, की छपराचे पत्रे थरथरले. पुढची चाळीस नुसती तोंडं हलवत राहिली. क्यामेरा त्यांच्याच गुबगुबीत गालांवरून फिरला. त्या दिवशी बाई पहिल्यांदाच मोकळं हसल्या.

आठ दिवसांत तालुक्याचे शिक्षण खात्याचे साहेब न कळवता आले. टीव्हीवर भरलेला वर्ग पाहून खूश झाले होते. बाईंच्या सत्काराला शाल-नारळ आणला होता. वर्गात डोकावले, तर सहा पोरं.

"बाकीची कुठं आहेत?"

बाईंनी आमच्याकडं पाहिलं. आम्ही कुंपणाशी उभे होतो. सगळे एकदम लिंबाच्या झाडाकडं बघू लागलो, जणू त्याला आयुष्यात पहिल्यांदाच पाला फुटला होता.

"खोटी मुलं बसवलीत, बाई? शासनाला फसवलंत?" साहेबांनी जागेवरच सांगून टाकलं. बाईंवर कारवाई, जूनपासून शाळा बंद, आणि सहाही मुलं डोंगरापलीकडच्या गावच्या शाळेत. शाल घडीचीच राहिली. नारळ शिपायानं गाडीत परत ठेवला.

बाई तशाच सरपंचांच्या ओट्यावर गेल्या. गंमत बघायला आम्हीही मागोमाग. सरपंच तंबाखू मळत बसले होते.

"दादा, साहेबांची गाडी अजून वेशीतच आहे. मुलं मी आणली नव्हती, एवढंच सांगा त्यांना. माझं राहू द्या, पण या सहा पोरांची शाळा तरी वाचेल."

सरपंचांनी चुना झटकला.

"बाई, तुमची बदली तरी हुईल. मला गावातच ऱ्हायचंय."