मामूंचा देश

उदगीरला आमच्या भागात नळाचं पाणी सोडणाऱ्या माणसाला सगळे मामू म्हणत. टाकीखाली बसून ते मोबाईलवर युरोपातल्या देशांची गाण्यांची स्पर्धा बघत; तिथे लोकांच्या मतांवर देशांचे नंबर लागत. गाण्यातलं अक्षरही कळत नसे, पण त्यांनी एक देश आपला म्हणून धरला होता.

"आपल्या तालुक्याएवढाच हाय, सर. पर दरसाली गाणं धाडतो."

उदगीर जिल्हा होईल ही आशा त्यांनी सोडली होती, त्या देशाची नाही. तो दरवर्षी तळाला जाई.

"त्यांची माणसंच मतं देत नाहीत का?" मी एकदा विचारलं.

"सोताच्या देशाला देता येत न्हाई. नियमच हाय."

दुष्काळात मामू स्वतःच्या गल्लीला सगळ्यांत शेवटी पाणी सोडत. तोवर टाकी बहुतेकदा रिकामी झालेली असे. त्यांची बायको आमच्या नळावर रांगेत उभी राहायची. मामू तिच्याकडे बघत नसत.

मे महिन्यात एका सकाळी त्यांनी आधी स्वतःच्याच गल्लीचा व्हॉल्व्ह फिरवला. नळातून नुसती हवा आली.

"मामू, आज उलटं कसं?"

"टाकीत थेंब न्हाई, सर. म्हनलं, आज आपल्या गल्लीला पहिला नंबर देऊ."