बाजेखालचे निखारे

पहिली गोळी दाराच्या कुलपाला बसली आणि दुसरी माझ्या जावयाच्या मांडीत. त्यानं हात वर केलेले होते, तरीही. तो आधी खाली बसला, मग आडवा झाला. फरशीवर रक्त पसरलं, कुणी तांब्या लवंडावा तसं.

तिघं होते. मळकट वर्दी, डोक्याला फडकी गुंडाळलेली. एकानं बंदुकीचा दस्ता जावयाच्या तोंडावर घातला. मी आतल्या खोलीत होते, दाराच्या पडद्याच्या फटीतून हे दिसत होतं; दात तुटल्याचा आवाजही ऐकला. दुसरा कपाट उचकायला लागला. तिसरा, ज्यानं गोळी घातली होती तो, पिकल्या दाढीचा थोराड माणूस होता. तो आतल्या खोलीकडं वळला.

आत मी, माझी लेक आणि तिची पोर. पोर जन्मून आठवडाही झाला नव्हता. लेक सुंभाच्या बाजेवर, बाजेखाली मातीच्या शेगडीत निखारे. मी धुरी देत होते. लेकीनं ओरडायला तोंड उघडलं.

"गप," मी म्हणाले. "तू ओरडलीस तर पोरगी रडंल."

मी शेगडी फडक्यानं उचलली. पडदा सरला की निखारे त्याच्या तोंडावर टाकायचे, एवढंच डोक्यात होतं. देव आठवला नाही. लोक नंतर विचारतात म्हणून सांगते.

हे सुदान देशात झालं, खार्टूम शहरात. जावई आधी इकडं शेंद्र्याच्या एका कंपनीत होता, मग तिकडं फरशीच्या कारखान्यात भट्टीवर लागला. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, ही आमच्याकडची रीत. पण लेकीचं बीपी वाढलं आणि डॉक्टरनं विमानात बसू नको म्हणून सांगितलं. मग माहेरच उठून तिकडं गेलं. मी करमाड गावची, चौथी शिकलेली, लग्न होऊन शहरात, उस्मानपुऱ्यात आले तोच माझा मोठा प्रवास. सोबत ओवा, वावडिंग, बाळंतशोपा, डिंक आणि बाळंतिणीचं पोट बांधायला माझं एक जुनं, मऊ झालेलं नऊवारी लुगडं नेलं. विमानतळावर शिपायानं पुडी फोडून वावडिंग हुंगलं आणि शिंकत बसला.

तिथं आपल्यासारखीच बाज मिळते, कोळसाही गल्लीत मिळतो. शेगडी शेजारणीनं दिली. जाडजूड बाई, हसली की सगळी हलायची. तिची भाषा मला येत नव्हती, माझी तिला. तरी आमचं बरं चालायचं. लेकीला तिथली थोडी भाषा येत होती, अडलं की ती सांगायची.

पोरगी झाली आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी गोळीबार सुरू झाला. रमजान संपत आला होता. त्या देशाच्या दोन फौजा आपसातच लढायला लागल्या. आमच्या गल्लीच्या तोंडाशी गाडी जळाली, आत ड्रायव्हर होता. त्याला कुणी काढलं नाही, कुत्री आली. वीज गेली, नळ गेला. कारखान्याच्या साहेबानं फोनवर सांगितलं की दारं-खिडक्या लावा, आवाज करू नका, घर रिकामं वाटलं पाहिजे. म्हणून शेजारणीकडून दाराला बाहेरून कुलूप लावून घेतलं.

तरी त्या दिवशी सकाळीही मी शेगडी पेटवली. जावई वैतागला.

"मामी, धूर खिडकीतून बाहेर जातोय. आत माणूस हाय हे गल्लीला कळतंय."

"कळू द्या. ओली बाळंतीण हाय. शेक नाय दिला तर जन्मभर कंबर धरून बसंल."

"इथं बाहेर आग ओकतंय ऊन! भाजून निघंल ती."

"तुम्ही पण असल्याच धुरात निघालात, जावईबापू. थोडे काळे पडलात तेवढंच."

लेक हसली. तोही हसला, पण लगेच म्हणाला, "मामी, मस्करी नाय करत. आजच्या दिवस तरी नको."

मी निखाऱ्यांवर ओवा आणि लसणाच्या साली टाकल्या. धूर झाला. दुपार व्हायच्या आत ते तिघं आले.

तर पडदा सरला. मी शेगडी उचलून उभी. माझे हात भाजत होते ते नंतर कळलं. त्या माणसानं मला पाहिलं, बाजेकडं पाहिलं आणि नाकानं श्वास ओढला. ओवा आणि लसणाच्या सालीचा वास खोलीत कोंडला होता. तो थांबला. काहीतरी एकच शब्द बोलला, तोंड भिंतीकडं फिरवलं आणि पडदा परत ओढून घेतला.

कपाट उचकणारा आत यायला बघत होता. दाढीवाल्यानं त्याच्या छातीवर बंदूक आडवी लावून त्याला मागं ढकललं. त्यांचं जोरात भांडण झालं. मग त्यांनी फोन घेतले, जावयाच्या बोटातली अंगठी ओढून घेतली आणि गेले. जाताना एकानं त्याच्या जखमेवर लाथ घातली.

लेकीच्या पोटाला बांधलेलं नऊवारी मी सोडलं आणि त्याच्या मांडीवर आवळलं. लगेच भिजलं. आणखी आवळलं. तो म्हणाला, "मामी, पोरगी?"

"हाय. झोपलीय."

शेजारीण धावत आली. तिनं खोलीतला धूर पाहिला, कपाळाला हात लावला आणि भराभरा बोलली. लेकीनं सांगितलं ते असं. त्यांच्याकडंही बायका बाळंतपणानंतर धुरावर बसतात. त्या खोलीत परका पुरुष पाय टाकत नाही. त्या माणसाच्या घरीही आई नाहीतर बायको अशी धुरात बसलेली असणार.

तिला तो भला वाटला. मला नाही. ज्यानं तोंड फिरवलं, त्यानंच गोळी घातली होती. पडद्याच्या अलीकडं त्याला लाज होती, पलीकडं नव्हती.

त्या भागातले दवाखाने बंद पडले होते. शेजारणीच्या भावानं आम्हाला माल वाहायच्या टेम्पोत घातलं आणि भारतातले लोक जमले होते तिथं सोडलं. तिथून बंदराकडं बस निघाली. रस्ता सगळा वाळूचा. जावयाचं डोकं माझ्या मांडीवर, पोरगी लेकीच्या पदराखाली. जागोजाग बंदुकवाले बस थांबवायचे. त्याला ताप चढला. पाणी मागितलं, मी पाजलं, ते बाहेर आलं. मग मागायचा थांबला. मी लेकीला लगेच सांगितलं नाही, कारण ती पाजत होती. पोरीचं पोट भरल्यावर सांगितलं.

त्याला वाटेतच पुरलं. जाळायला लाकूड नव्हतं आणि त्या उन्हात बसमध्ये ठेवता येत नव्हतं. खड्डा बसमधल्या माणसांनी खणला. लेक खाली उतरली नाही. मी उतरले आणि माती टाकली.

माझी विहीण लासूर स्टेशनला राहते. तेराव्याला सगळ्या भावकीसमोर ती म्हणाली, "तुमच्या धुरानं माझा लेक गेला. धूर पाहून आले ते."

"आले असतील," मी म्हणाले. "पण धूर नसता तर आतल्या मायलेकीही गेल्या असत्या."

"तुम्हाला काय ठावं?"

"मी तिथं होते, विहीणबाई. तुम्ही नव्हत्या."

ती उठली आणि मला मारायला आली. बायकांनी धरली. मी जागची हलले नाही. तिचा लेक गेला होता, तिनं मारलं असतं तरी चाललं असतं.

धूर पाहून ते आले की बाहेरचं कुलूप पाहून, घर रिकामं समजून, हे कुणाला माहीत नाही. मला एवढं माहीत आहे की त्या घरात आम्ही चौघं होतो. त्यातली लेक, नात आणि मी जिवंत परत आलो. जावई आला नाही.