मोहाच्या झाडाखालचा थांबा

आमच्या घरी चाक नव्हतं. सायकलचं नाही, बैलबंडीचं नाही, कशाचंच नाही. खाट होती. माणूस आजारी पडला की त्याला खाटेवर घालायचं आणि उचलायला चार माणसं शोधायची, हीच आमची गाडी.

मी सहावीत असताना आईला ताप आला. दिवस रोवण्याचे. रोवणा म्हणजे धानाची लावणी; त्या दिवसांत आमच्या गावात कोणाला पाठ सरळ करायला फुरसत नसते. बाबा घरोघरी फिरले. "खांदा देता का जी? बायकोले दवाखान्यात नेतो." एकाने बांधीतूनच, म्हणजे धानाच्या शेतातूनच, ओरडून विचारलं, "जित्या माणसाले खांदा मांगून राह्यला का?" आणि हसला. चार माणसं जमेपर्यंत दुपार झाली. बारा किलोमीटर रस्ता, त्यातला साडेचार जंगलातला. दवाखान्यात पोचलो तेव्हा दिवे लागले होते. आईच्या बोटातून रक्त घेतलं, काचेवर पसरवलं आणि ती काच तपासायला दुसरीकडे पाठवली. रिपोर्ट आठ दिवसांनी आला. मलेरिया. तोवर आई कशीबशी उठून बसायला लागली होती. बाबा आजही ही गोष्ट सांगतात, पण तापाबद्दल बोलत नाहीत. "अकरा घरी गेलो. अकरा घरी नाई म्हनला," एवढंच सांगतात.

आठवीत शाळेतून मुलींना सायकली मिळाल्या. पुढे जाळीची टोपली, मागे कॅरिअर. बाबांना सायकल येत नव्हती, पण ते तिला रोज नाल्यावर नेऊन धुवायचे. शेजारची बाई म्हणायची, "भाऊ, म्हैस होय का ते?" त्या सायकलवर मी दहावी केली, बारावी केली. मग ब्रह्मपुरीला बीएस्सी आणि त्यानंतर लॅबचा डिप्लोमा. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. मोठेपणा म्हणून सांगत नाही, असं म्हणायची पद्धत आहे. मी मोठेपणा म्हणूनच सांगते.

आईला खाटेवरून नेलं होतं त्याच आरोग्य केंद्रात मला लॅब टेक्निशियनची कंत्राटी नोकरी मिळाली. आता तिथे सूक्ष्मदर्शक आहे आणि त्याच्यात बघणारी मी आहे. करार अकरा महिन्यांचा. जाणं-येणं त्याच शाळेच्या सायकलने.

याचंच लोकांना फार दुखतं. "मॅडम झाल्या तरी सायकलच? स्कुटी घ्या ना!" मी म्हणते, "तुमच्या स्कुटीले पेट्रोल लागते, माह्या सायकलीले भात लागते. भात घरचा हाय."

रस्ता काही लाड करत नाही. रोवण्यात केजव्हीलचे, म्हणजे चिखलणीच्या लोखंडी चाकांचे, ट्रॅक्टर डांबरावरून जातात आणि रस्त्याला खवले पाडतात. त्यावरून गेलं की दातावर दात आपटतात. चिखल मडगार्डमध्ये भरतो आणि चाक फिरेनासं होतं, मग काडीने उकरत बसायचं. उन्हाळ्यात घरी परतताना वारा समोरून येतो, उतारावरही पायडल मारावं लागतं. पण हिवाळ्यात सकाळी जंगलातल्या त्या लांब उतारावर मी ब्रेक सोडते, आणि त्या दोन मिनिटांत मी कोणाच्या करारावर नसते.

त्या साडेचार किलोमीटरमध्ये वाघ आहे. मागच्या काही वर्षांत हत्तीही येऊन गेले. म्हणून जंगल सुरू होतं तिथे, मोहाच्या मोठ्या झाडाखाली, सगळे थांबतात. पायी असो, सायकल असो की मोटारसायकल. पाच जण झाले की पायी असलेल्याला कोणीतरी मागे बसवून घ्यायचं आणि निघायचं. याला आम्ही सोबत म्हणतो. पुढचा घंटी वाजवतो, मागचा मोठ्याने बोलतो किंवा गातो. एकाची चेन पडली की सगळे उतरतात. आणि मागून कोणी येताना दिसलं, तर तो पोचल्याशिवाय निघायचं नाही. हे कोणी लिहून ठेवलेलं नाही, पण मोडत कोणी नाही.

दुसऱ्या वर्षी आमच्याकडे नवे डॉक्टर आले, माझ्याच वयाचे. त्याच सुमारास मोबाइलला चेहरा दाखवून हजेरी लावायचं सुरू झालं. नऊच्या आत. धानाची कापणी-मळणी आटोपली की रस्त्यावर माणसं कमी होतात आणि सोबत उशिरा जमते. जानेवारीत माझे तीन लेट झाले.

"मॅडम, मार्चमध्ये तुमचा करार वर पाठवायचा आहे," डॉक्टर म्हणाले. "मी काय शेरा लिहू?"

"सर, सोबत मिळाली नाही."

"म्हणजे काय?"

मी सांगितलं. ते म्हणाले, "मग गाडी घ्या. नाहीतर इथे खोली करून राहा. चौथा लेट झाला तर माझ्या हातात काही नाही."

गाडी घेतली असती तरी मोहाखाली थांबावंच लागलं असतं. आणि गाव सोडता यावं म्हणून मी शिकले नव्हते.

तरी भीती बसलीच. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वीसला पाच जण जमले. मी पायडलवर पाय ठेवलेलाच होता. मागे लांब, वळणाजवळ एक माणूस सायकल हाताने ढकलत येत होता. त्याने हात वर केला.

आमच्यात रोजचा एक गवंडी असायचा. तो म्हणाला, "थांबा जी, कोनीतरी येऊन राह्यला."

"ढकलत येऊन राह्यला तो. अर्धा घंटा लागंन," मी म्हणाले. "चला, मले लेट होते."

त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मी मॅडम, म्हणून तेही निघाले. त्या दिवशी जंगलात कोणी गायलं नाही. आठ सत्तावन्नला मी मोबाइलला चेहरा दाखवला. हिरवी खूण आली.

सव्वादहाला तोच माणूस दवाखान्यात आला. म्हातारा. कॅरिअरवर घोंगडीत गुंडाळलेली त्याची बायको. पडू नये म्हणून सीटला दुपट्ट्याने बांधलेली. मला पाहून तो म्हणाला, "बाई, तुमालेच हात दाखवत होतो जी." आवाजात राग नव्हता. "मंग दुसरी सोबत भेटेस्तोवर हिले झाडाखाली निजवली."

मी तिच्या बोटाला सुई टोचली, काच रंगवली, वाळवली आणि भिंगाखाली धरली. मलेरियाचे जंतू भरपूर होते. औषध लगेच सुरू झालं, ती बरी झाली. पण मला त्या काचेत आमच्या गावातली अकरा घरं दिसत होती. बारावं माझं होतं.

दुसऱ्या सकाळी मोहाखाली गवंडी म्हणाला, "मॅडम, मांगं कोनी दिसाच्या आधी निंघा बाप्पा. नाई तं तुमाले लेट होईन." सगळे हसले. मी सायकल स्टँडवर लावली. मागून एक बाई डोक्यावर टोपलं घेऊन येत होती. ती पोचेपर्यंत आठ पस्तीस झाले.

नऊ वीसला पोचले आणि बोलावायची वाट न बघता डॉक्टरांच्या खोलीत गेले.

"सर, चौथा लेट आहे. पाचवाही होईल. शेरा लिहा. पण कारण मी सांगते तेच लिहा. सोबतीला थांबले."

"असं कारण फॉर्ममध्ये नसतं."

"तर फॉर्ममध्ये जागा करा."

"मॅडम, करार जाईल तुमचा."

"जाऊ द्या. डिग्री करारावर मिळालेली नाही, ती राहील." माझा आवाज बाहेरच्या ओळीपर्यंत गेला असणार. जाऊ दे. "कालची पेशंट तुमच्या दारात सव्वादहाला आली. मला ती आठ वीसला दिसली होती. तिथेच रक्त घेतलं असतं तर ती तुमच्यासमोर येईपर्यंत रिपोर्ट तयार असता. मला काचांचा डबा, सुया, स्पिरिट न्यायची परवानगी द्या. झाडाखाली मी रिकामी बसणार नाही."

त्यांनी पेनचं टोपण काढलं आणि फॉर्म पुढे ओढला. मग म्हणाले, "नाव-गाव प्रत्येक काचेवर नीट लिहाल?"

"तेच शिकायला ब्रह्मपुरीला गेले होते, सर."

तेव्हापासून शाळेच्या सायकलच्या टोपलीत, टॉवेलात गुंडाळलेला काचांचा डबा असतो. ज्याला ताप, तो मोहाखाली बोट पुढे करतो. पहिलं बोट गवंड्याचं. भिंती बांधणारा माणूस सुईला पाहून तीन पावलं मागे सरला, आणि वर मलाच म्हणाला, "रोज सक्काळी रगत पेता, म्हनून स्कुटी नाई लागत तुमाले."

मार्चमध्ये डॉक्टरांनी शेऱ्यात 'सोबतीला थांबतात, तिथेच रक्त घेतात' असं लिहिलं; करार वर गेला आणि मंजूर होऊन परत आला. मोहाखालचा वेळ आता कामाच्या वेळेत धरतात. मी सायकलनेच जाते, मागचा माणूस पोचल्याशिवाय निघत नाही, आणि सकाळी झाडाखाली घेतलेल्या रक्ताचा रिपोर्ट त्याच दिवशी परतताना त्या माणसाच्या हातात देते.