स्वयंशासन दिन

"घंटा वेळेवर वाजायला हवी. तू हुशार आहेस, तुला घड्याळ कळतं," असं म्हणून बाईंनी लोखंडी हातोडी माझ्या हातात दिली.

मी नववीत होते. कर्वेनगरातली शाळा. पाच सप्टेंबरला आमच्याकडे स्वयंशासन दिन असायचा. त्या दिवशी शाळा मुलांनी चालवायची. कुणी गणिताचे सर, कुणी मराठीच्या बाई, एकजण मुख्याध्यापक, आणि उरलेल्यांतून शिपाई. मुली साड्या नेसून येत.

आदल्या आठवड्यात वर्गात मतं घेतली होती. मुख्याध्यापिका म्हणून माझ्या नावाला खूप हात वर झाले. अनघाच्या नावाला तिच्या आजूबाजूच्या बाकांवरचे. बाईंनी दोन्ही वेळा हात मोजले आणि म्हणाल्या, "ठीक. हात खाली करा." मला वाटलं, ठरलं.

मी आईची लग्नातली निळी साडी नेसून गेले. फळ्यावर नावं लिहिलेली होती. मुख्याध्यापिका, अनघा. तिचे वडील संस्थेचे अध्यक्ष. शिपाई, मी. मी विचारलं, "बाई, हात माझ्या नावाला जास्त होते ना?"

"होते. पण खुर्चीला कोण शोभतं तेही बघावं लागतं."

मग ती हातोडी, आणि ते घड्याळाचं.

जात कुणी उच्चारली नाही. आमच्या पुण्यात ती उच्चारावी लागत नाही.

मधल्या सुट्टीनंतर मुख्याध्यापकांच्या खोलीत पाणी न्यायचं होतं. अनघा त्या मोठ्या खुर्चीत बसली होती, पाय जमिनीला जेमतेम टेकत होते. "ठेव तिथे," ती वर न बघता म्हणाली. खऱ्या मुख्याध्यापकांची हुबेहूब नक्कल. खोलीतले सगळे हसले. नाटकच होतं ते. मीही हसले.

ते हसू अजून माझ्या तोंडात आहे.

शाळा सुटायचा टोल फाटकाशी द्यायचा असे. मी टोल देत होते आणि फाटकाबाहेर आबा उभे होते. माझे वडील. खडकीच्या कारखान्यातून अर्ध्या दिवसाची रजा टाकून, एवढ्या लांब सायकल मारत आले होते, मुलगी मुख्याध्यापिका झालेली बघायला. मी त्यांना सांगून ठेवलं होतं ना. त्यांनी मला पाहिलं. त्यांनी पाहिलं, हे मी पाहिलं. हाक मारली नाही. सायकल वळवली.

संध्याकाळी त्यांनी वस्तीत पेढे वाटले. "आमची पोरगी आज मुख्याध्यापिका झाली होती." मलाही एक दिला. मी खाल्ला. पुढे आम्ही त्याबद्दल कधीच बोललो नाही.

मी शिकले. त्याच शाळेत शिक्षिका झाले. जागा राखीव होती म्हणून लागले, हे स्टाफरूममध्ये चहाच्या वेळी माझ्या पाठीमागे, पण मला ऐकू येईल इतपतच हळू बोललं गेलं. दरम्यान शहर बदलत होतं. हिंजवडीच्या कंपन्यांच्या बस आमच्या रस्त्याने जाऊ लागल्या. वारज्यात टेकडीपर्यंत सोसायट्या चढल्या. संस्थेने आमच्याच इमारतीत इंग्रजी माध्यम सुरू केलं. त्या मुलांना पुढचं फाटक मिळालं. मराठीच्या मुलांना मागचं.

नोकरी करता करता पीएच.डी.ला नाव घातलं. विषय घेतला, शालेय नेतृत्व आणि निर्णयप्रक्रिया. लोकांना वाटलं, बढतीसाठी. मला एवढंच शोधायचं होतं की हात मोजल्यावर पुढे काय होतं.

शहरातल्या मुख्याध्यापकांच्या मुलाखती घेत हिंडले. हातात छोटा टेपरेकॉर्डर. निवृत्तीला आलेले एक सर टेपसमोर म्हणाले, "आमच्याकडे सर्व निर्णय विचारविनिमयाने, एकमताने होतात." मग बोटाने यंत्र दाखवलं. "बंद करा ते." मी बंद केलं. "बाई, निर्णय संस्थाचालकांच्या दिवाणखान्यात होतात. सभेत मी वाचून दाखवतो. आवाज चांगला आहे माझा."

बहुतेक ठिकाणी असंच. टेप चालू असताना एक शाळा, बंद झाल्यावर दुसरी. मी दोन्ही शाळा प्रबंधात लिहिल्या. मार्गदर्शक सरांनी चष्मा काढून ती पानं बाजूला ठेवली. "टेप बंद झाल्यावरचं संशोधनात धरत नाहीत." नावं न घालता लिहिते, म्हटलं. "नावं नाहीत, मग पुरावा कुठाय?" मी पानं काढली. प्रबंधाचा निष्कर्ष निघाला की शाळांमध्ये सहभागी नेतृत्व आढळते. शाल मिळाली, नारळ मिळाला. टाळ्या झाल्या.

पुढे सेवाज्येष्ठतेने मी मुख्याध्यापिका झाले. ती टाळता येणारी गोष्ट नव्हती, म्हणून झाले. तोवर अनघा अमेरिकेतून परतली होती आणि संस्थेची सचिव होती. मी तिला "अहो मॅडम" म्हणते. ती मला "अगं" म्हणते. एका वर्गातल्या आहोत, म्हणून.

यंदाच्या मार्चमध्ये आबा गेले. पुण्यानुमोदनाला वस्तीतले जुने शेजारी आले. एक काका माझ्याजवळ बसून म्हणाले, "नववीत तू मुख्याध्यापिका झालीस, त्याचे पेढे खाल्लेत आम्ही. आता तर खरीखुरी झालीस. बापानं डोळ्यांनी बघितलं, बरं झालं."

मी मान हलवली. एवढी वर्षं त्या माणसाने ते खोटं एकट्याने वाहिलं. माझ्यासाठी.

पुढच्याच आठवड्यात अनघाने बोलावलं.

"ये गं, बस. वडिलांचं कळलं. वाईट झालं." मग म्हणाली, "शनिवारी पाचवीत येणाऱ्या मुलांच्या पालकांची सभा घे. मराठीची पाचवी जूनपासून भरणार नाही, तेवढं सांगून टाक."

"पाचवीला मुलं आहेत, मॅडम. खोल्याही आहेत."

"खोल्या इंग्रजीला लागणार आहेत."

"कधी ठरलं?"

"रविवारी. घरी बसलो होतो सगळे, तेव्हा विषय निघाला."

"मला विचारलं नाही."

"पीएच.डी. तुझी, आणि निर्णय कसे होतात ते मला विचारतेस?" ती हसली. मग आवाज मऊ केला. "अगं, तू दुःखात होतीस, तुला कशाला त्रास द्यायचा? तू फक्त सांग. मुख्याध्यापिकांचा निर्णय आहे म्हण, विषय संपला. मी सांगितलं तर राजकारण करतील. तुझं ऐकतील ते लोक."

"ते लोक म्हणजे?"

तेवढ्यात शिपाई पाणी घेऊन आले. "ठेवा तिथे," ती वर न बघता म्हणाली.

तोच आवाज. तेव्हा निदान नक्कल होती.

मी पेल्याकडे बघत राहिले. मग उठून आले. हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. माझ्या गप्प बसण्याचा अर्थ तिने होकार असा घेतला. आजवर सगळ्यांनी तोच घेतला होता.

शनिवारी सभागृह भरलं. सोसायट्यांमध्ये स्वयंपाक करणाऱ्या बाया, वॉचमन, नागपूर-अमरावतीकडून कामासाठी आलेली जोडपी. हिंजवडीची फेरी टाकून तसेच आलेले एक बसड्रायव्हर, अंगात कंपनीचा गणवेश. अनघा पहिल्या रांगेत. मी माइकसमोर उभी राहिले.

"मराठीची पाचवी बंद करायचं ठरलं आहे," मी म्हणाले. अनघाने मान डोलावली.

"हा निर्णय माझा नाही. तो रविवारी सचिवांच्या घरी झाला. मला कुणी विचारलं नाही. तो माझा आहे असं तुम्हाला सांगायला मला इथे उभं केलं आहे, कारण मी तुमच्यातली आहे आणि तुम्ही माझं ऐकाल."

अनघाने हात वर केला आणि माइक बंद झाला.

टेप बंद झाल्यावर माणसं खरं बोलतात, हे मी इतक्या खोल्यांमध्ये बसून ऐकलं होतं. मी तशीच बोलत राहिले. आवाज मागच्या रांगेपर्यंत जात होता. मुलं आहेत. खोल्या आहेत. मुख्याध्यापिका म्हणून या निर्णयाला माझा विरोध आहे.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. ते ड्रायव्हर उठले. "मग बाई, तुमाला इचारत नाय तर तुमी हितं करता काय?"

त्यात टोमणा नव्हता. साधा प्रश्न होता. माझ्या अख्ख्या प्रबंधात तो नव्हता.

उत्तर जूनमध्ये दिलं. पाचवीचे प्रवेश मी दिले. संस्थेने खोली दिली नाही, म्हणून मुलं माझ्या कार्यालयात सतरंजीवर बसतात. मोठी खुर्ची भिंतीला लावून ठेवली आहे, तिच्यावर दप्तरं असतात. माझी चौकशी लागली आहे. अनघाचा निरोप येतो, राजीनामा दे, मानाने जा, आपण निरोपसमारंभ करू.

मी राजीनामा देणार नाही. मला काढायचं तर काढा. पण काढाल ते तुम्ही, तुमच्या नावाने, तुमच्या तोंडाने. तुमचा एकही निर्णय यापुढे माझ्या तोंडून बाहेर पडणार नाही. प्रबंधातून काढलेली ती पानं मी पुन्हा लिहायला घेतली आहेत. पहिली मुलाखत माझीच, माझ्या नावानिशी.

पाच सप्टेंबर जवळ आला आहे. पोरं आत्तापासून विचारतात, मुख्याध्यापक कोण होणार? मी सांगते, हात वर करा. मी मोजणार. जे मोजलं तेच होणार. त्या दिवशी, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीही.