नंदाताईंचा भागाकार

नंदाताईंची नोकरी मी जवळजवळ घालवली होती, तीही एका भागाकाराच्या जोरावर.

चाकणला गाड्यांच्या वायरी जोडणाऱ्या कारखान्यात मी कंपनी डॉक्टर आहे. नंदाताई तिथे वायरी जोडायला राजगुरुनगरहून फर्स्ट शिफ्टच्या बसने येतात. त्यांना संधिवात. सकाळी तासभर मूठ मिटत नाही.

रक्तातल्या पांढऱ्या पेशींत दोन मोठे गट. न्यूट्रोफिल म्हणजे आग लागली की धावत सुटणारे, लिम्फोसाइट म्हणजे सबुरीवाले. पहिल्यांना दुसऱ्यांनी भागायचं. सांधे आतून पेटलेले असले की हा आकडा बऱ्याचदा चढतो. साध्या सीबीसीत, म्हणजे नेहमीच्या रक्ततपासणीत कळतं, जादा टेस्ट नको. मी या भागाकाराच्या प्रेमातच पडलो होतो. खिडकीबाहेर सकाळचं धुकं, आत मायक्रोस्कोपखाली जांभळ्या पेशी. स्लाइड सरकवली की त्या ढगांसारख्या तरंगत जायच्या आणि मागोमाग मीही. नर्सच्या तिसऱ्या हाकेला मी जमिनीवर उतरायचो.

पहिल्या तपासणीनंतर दोन महिन्यांनी नंदाताईंचा आकडा दुप्पट झाला. सूज मात्र उतरलेली.

"हात बरं हायेत आता," त्या म्हणाल्या.

"रिपोर्ट तसं म्हणत नाही," मी म्हणालो आणि 'अनफिट' लिहून मोकळा झालो.

एचआरच्या देशमुखांचा फोन आला. "डॉक्टर, बाईंचं कॉन्ट्रॅक्ट याच आठवड्यात रिन्यू व्हायचंय. अनफिट म्हटलं तर संपलं. नक्की ना?"

"आकडा बोलतोय, राव."

फॉर्मवर सही घ्यायला नंदाताईंना बोलावलं. त्यांनी माझ्या पेनचं टोपण बोटांनी सहज काढलं. ते टोपण मी आठवडाभर दातांनी काढत होतो. तेव्हा कुठे विचारलं, "काही गोळ्या घेता का?"

"घेते की. शेजारच्या टेबलावरची शोभा आणती. चहाच्या सुट्टीत लोणच्यावानी फिरत्यात. एक घेतली की बोटं मोकळी."

पर्समधून पट्टी निघाली. स्टेरॉइड. ते सूज दाबतं, पण रक्तात धावणाऱ्या पेशी वाढवतं आणि सबुरीवाल्या घटवतं. चढलेला आकडा गोळीचा होता, मी तो सांध्यांच्या नावावर टाकला होता.

'अनफिट' फाडलं. स्टेरॉइड एकदम बंद करायचं नसतं, म्हणून निगडीच्या संधिवात तज्ज्ञांना चिठ्ठी दिली. त्यांनी ते हळूहळू उतरवत योग्य औषध सुरू केलं. नंदाताई जोडलेल्या वायरी तपासायच्या हलक्या कामावर बसल्या, कॉन्ट्रॅक्ट झालं. आधी चौकशी, मग भागाकार, एवढं मी शिकलो.

महिन्याने त्या दाखवायला आल्या, तेव्हा मी पुन्हा मायक्रोस्कोपला डोळा लावून ढगांत. त्या जरा वेळ उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या,

"डॉक्टर, तुमच्या दुर्बिणीत एवढं बारीक बारीक दिसतं. मला तोंड हाय, तेवढंच दिसलं न्हाई व्हय?"