रामोनचा सत्कार

रविवारी सकाळी जिमच्या मालकाचा फोन आला. रामोन गेला. हार्ट अटॅक. पन्नाशीही गाठली नव्हती. मी पोहे परतत होतो. गॅस बंद केला आणि तोंडातून पहिली शिवी निघाली ती त्याच्या देशाच्या सरकारला. सहा आठवडे झाले, राग तसूभरही उतरलेला नाही.

रामोन क्युबाचा मुष्टियोद्धा. नाइन-इलेव्हननंतरच्या उन्हाळ्यापासून इथे अमेरिकेत, फ्रिस्कोत, माझ्या मुलीला, ईशाला, बॉक्सिंग शिकवायचा. तिकडे असताना तो म्हणे 'हौशी' खेळाडू होता. वा रे हौस! दहाव्या वर्षी आईपासून उचलून वसतिगृहात टाकलेलं पोर. रोज सहा-सहा तास ठोसे खायचे, आणि पदक मिळालं की माइकसमोर पहिलं नाव घ्यायचं पुढाऱ्यांचं. आईचं, वेळ उरला तर. बक्षीस काय, तर एक फ्रीज! परदेशातल्या स्पर्धेत तो टीमच्या हॉटेलातून निसटला, आणि आठवड्याभरात सरकारी माणसं आईच्या घरातून तो फ्रीज उचलून घेऊन गेली. "आतली अंडीसुद्धा," असं सांगून रामोन खो खो हसायचा. मला नाही यायचं हसू. क्रांती म्हणे! म्हातारीची अंडी पळवणाऱ्यांची कसली आलीय क्रांती?

एकाच विषयावर तो हसत नसे. आईला इकडे आणायचं होतं. त्या देशातून बाहेर पडायलाही सरकारची परवानगी लागते, आणि पळालेल्याच्या आईला ती सुखासुखी देत नाहीत. अर्ज वर्षानुवर्षं पडून होता.

आता माझी अक्कल ऐका. तीन वर्षांपूर्वी आमच्या मंडळाच्या गणपतीला प्रमुख पाहुणा हवा होता. मी रामोनला गळ घातली. तो म्हणाला, "नो, नो. फोटो नको. आई तिकडे आहे." पण आपल्यात सत्काराला कोण पटकन हो म्हणतं? पाहुण्याने नको नको म्हणायचं, आपण आग्रह करायचा, शेवटी त्याने मान तुकवायची... मला वाटलं, हाही तसाच लाजतोय. "अरे चल यार, एवढे आढेवेढे कशाला!" शाल झाली, नारळ झाला, डोक्यावर पुणेरी पगडी चढवली. फोटो मंडळाच्या वेबसाइटवर टाकला, आणि खाली 'जुलमी राजवटीला ठोसा लगावणारा वीर' हे मीच लिहिलं. काय खूश होतो मी स्वतःवर!

तीन महिन्यांनी त्याच्या आईला कचेरीत बोलावणं आलं. साहेबाने त्याच फोटोचा प्रिंट टेबलावर ठेवला. ही कुठल्या संघटनेची टोपी, असं दोन तास त्या बाईला विचारत होते. पगडीला घाबरणारं सरकार! अर्ज फेटाळला. रामोनने हे मला ईशाचे ग्लोव्ह्ज बांधताबांधता सांगितलं. "यू गुड मॅन. पण मी नो म्हणालो होतो." बस, एवढंच. मग तो नेहमीसारखा तिला शिकवायला लागला. त्याने मला एक ठेवून दिली असती तर बरं झालं असतं.

त्याचं अपार्टमेंट रिकामं करायला मीच गेलो, दुसरं होतं कोण? बेडरूममध्ये नवा कोरा पलंग, गादीवर दुकानातलं प्लास्टिक तसंच. हा गडी स्वतः बाहेरच्या खोलीत जमिनीवर चटई टाकून झोपायचा.

गेल्या आठवड्यात कॉलिंग कार्डवरून त्याच्या आईला फोन लावला. ईशा शाळेत स्पॅनिश शिकते, तीच दुभाषी झाली होती. बाईंनी सांगितलं, पुन्हा केलेल्या अर्जाला परवानगी आली. मुलगा मेल्यावर! आता जिच्याकडे पळून जावं असं तिचं इकडे कुणी उरलं नाही ना, मग झाले उदार. नीच कुठले! कोणाकडे येऊ, म्हणाल्या. मग थांबून काहीतरी हळूच विचारलं. ईशा माझ्याकडे बघायला लागली.

"बाबा, शी इज आस्किंग... त्याच्याकडे तिच्यासाठी जागा होती का?"

"होती म्हण," मी म्हटलं. "पलंग घेऊन ठेवला होता म्हण."

ईशाने सांगितलं.

तो पलंग आता आमच्या गेस्टरूममध्ये आहे. बायको म्हणते, ते प्लास्टिक काढून टाक एकदाचं. मी काढत नाही.